वेरूळ-अजिंठा एकदाचं बघायचंय? आधी वार बघा, मग तिकीट काढा

आमची पहिली ट्रिप म्हणजे एक मोठा पोपट होता. सोमवारी सकाळी सहाला छत्रपती संभाजीनगरहून गाडी करून अजिंठ्याला निघालो, शंभर किलोमीटर, तेव्हा रस्त्याचं काम चालू होतं, खड्डे आणि धूळ, सासूबाईंच्या कमरेची वाट लागलेली, आणि फर्दापूरच्या टी-पॉइंटला, म्हणजे जिथून लेण्यांची बस सुटते तिथे पोचलो तर सगळा शुकशुकाट. चहावाला म्हणाला, "ताई, सोमवारी बंद असतं ना." रडतखडत परत शहरात यायला साडेचार वाजले. म्हटलं जाऊ दे, उद्या सकाळी वेरूळ उरकू आणि दुपारची गाडी पकडू. तर ड्रायव्हरदादा आरशातून बघत म्हणाले, "उद्या मंगळवार. वेरूळ मंगळवारी बंद." मग आधी का नाही सांगितलंत, तर म्हणे तुम्ही विचारलं नाही.

मुलीने वहीत यादी केली होती, समोर चौकोन काढलेले, टिक मारायला. बीबी का मकबरा सोडून एकाही चौकोनात टिक पडली नाही, आणि डोंबिवलीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

दीड वर्षाने परत गेलो तेव्हा सगळं जमलं, तीन दिवसांत. ते कसं जमवलं ते सांगते.

१) आधी वार

अजिंठ्याला सोमवारी सुट्टी, वेरूळला मंगळवारी. लक्षात राहत नसेल तर 'अ' आधी येतो आणि 'व' नंतर, तसंच सोमवार आधी आणि मंगळवार नंतर. मी असंच पाठ केलंय.

आता गंमत अशी की याच दोन दिवसांचा फायदा पण होतो. सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा केलंत तर शनिवार-रविवारची झुंबड टळते, शाळांच्या सहली सोडल्या तर बऱ्यापैकी शांतता मिळते. आम्ही दुसऱ्या वेळी तेच केलं. रविवारी पोचलो, त्या दिवशी मकबरा आणि दौलताबाद, सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, रात्रीच्या गाडीने परत. वार तेच, फक्त उलटे केले!

ऑफिसमुळे शनिवार-रविवारच जमत असेल तर शनिवारी वेरूळ, रविवारी अजिंठा करा, गर्दी धरून चाला.

२) यादी लहान करा

वेरूळला ३४ लेणी, अजिंठ्याला ३० पर्यंत क्रमांक. सगळी बघायची म्हणाल तर विसाव्या लेण्यात शिरताना तुम्हाला पहिलं आठवणार नाही, पाय दुखतात आणि पोरं "अजून किती" सुरू करतात. वेरूळची सहा-सात आणि अजिंठ्याची सात-आठ, एवढी ठरवा आणि तिथे वेळ द्या. बाकीची येता-जाता दिसतील ती दिसतील.

दुसरं, घरातल्या प्रत्येकाला एक-एक गोष्ट निवडायला सांगा जी काहीही झालं तरी चुकवायची नाही. आमच्याकडे सासूबाईंचं घृष्णेश्वर होतं, कारण महाराष्ट्रातल्या पाच ज्योतिर्लिंगांपैकी त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, औंढा नागनाथ, परळी वैजनाथ झालेली आणि हेच एक राहिलेलं. मुलीला दौलताबादची अंधेरी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा बोगदा. मला अजिंठ्याचा पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र, शाळेच्या पुस्तकात बघितल्यापासून. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला नान खलिया, म्हणजे तिथला नान आणि मटणाचा रस्सा. ते पण लिहिलं.

३) पोचायचं कसं, राहायचं कुठे

मुंबईहून गाड्या आहेत, पुण्याहून रस्त्याने साधारण २३५ किलोमीटर. ऑनलाइन शोधताना शहराचं नवं आणि जुनं, दोन्ही नावं टाकून बघा, सगळ्या ॲपमध्ये एकसारखं नाव असेलच असं नाही. रात्रीच्या गाडीने गेलात तर ती भल्या पहाटे उतरवते आणि हॉटेलवाले चेकइन दुपारी बारालाच देतात, त्यामुळे बुकिंग करतानाच फोन करून विचारा की लवकर रूम देणार का. नाहीतर सासूबाई आणि बॅगा घेऊन स्टेशनवर चार तास, स्वानुभव आहे.

खानदेशातून किंवा विदर्भातून येणाऱ्यांनी जळगावला उतरणं सोपं. तिथून अजिंठा साठेक किलोमीटरच आहे, म्हणजे अजिंठा आधी करून मग शहराकडे यायचं. वार मात्र तपासा, परत सांगते.

रात्र कुठे काढायची यात बराच वेळ वाचतो. सगळे शहरात राहतात आणि रोज ये-जा करतात. आम्ही रविवारी रात्री वेरूळ गावातच राहिलो, कारण वेरूळची लेणी सूर्योदयाला उघडतात आणि शहरातून त्या वेळेला पोचायचं तर पाचला उठावं लागतं. तसंच अजिंठ्यासाठी आदल्या रात्री फर्दापूरला राहू शकता. आम्ही ते नाही केलं आणि मंगळवारी पहाटे साडेपाचला शहरातून निघालो. पुढच्या वेळी फर्दापूरच.

एसटीने पण सगळं होतं. शहराच्या मध्यवर्ती स्टँडवरून वेरूळला गाड्या जातात आणि जळगावच्या गाड्या अजिंठ्याच्या टी-पॉइंटला सोडतात. वयस्कर माणूस बरोबर असेल तर मात्र गाडी करा आणि ठरवतानाच कुठे-कुठे थांबायचं ते सगळं बोलून घ्या, टोल-पार्किंग कोणाचं ते पण.

४) जवळ काय पाहिजे

- सगळ्यांची आधार कार्डं, मुलांची पण. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाला १५ वर्षांखालच्या मुलांना पैसे लागत नाहीत, वयावरून वाद नको.
- तिकीट ऑनलाइन काढलंत तर त्याचा स्क्रीनशॉट. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना वेरूळ आणि अजिंठा प्रत्येकी ४० रुपये, मकबरा आणि दौलताबाद २५-२५. जायच्या आधी एकदा दर बघून घ्या.
- सुट्टे पैसे. पार्किंग, अजिंठ्याची बस, चहा, नारळपाणी, सगळीकडे नेटवर्क असेलच असं नाही.
- साधी टॉर्च, दौलताबादसाठी. लेण्यांतल्या चित्रांवर मारायला नाही!
- सहज काढता-घालता येणाऱ्या चपला-सँडल. अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांबाहेर चपला काढाव्या लागतात, लेसच्या बुटांनी नवरा प्रत्येक दाराशी खाली वाकून बसायचा. उन्हाळ्यात मोजे पण ठेवा, दगड तापतो.
- पाणी, टोपी, एक मोठा रुमाल. रुमाल कशाला ते दौलताबादला कळेल.

मे महिन्यात जाऊ नका हो. खरंच नका. हिवाळा उत्तम आणि पावसाळ्यात अजिंठ्याचे धबधबे वाहत असतात.

५) पहिला दिवस: मकबरा आणि दौलताबाद

मकबरा सकाळी तासाभरात होतो. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर, मुलगा आझमशाहच्या नावाने सांगतात, १६६० च्या आसपास पुरी झाली. सगळे "गरिबांचा ताजमहाल" म्हणून नाक मुरडतात. मला तसं नाही वाटलं, सकाळी कोवळ्या उन्हात छान दिसतो. संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला आहे, मधल्या भिंतींवर चुन्याचा गिलावा, जवळ जाऊन हात लावला की फरक कळतो.

दौलताबाद शहरापासून पंधरा किलोमीटर, वेरूळच्याच रस्त्यावर. यादवांची देवगिरी. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी इथे आणली ती हीच. वर जायचं असेल तर साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, मध्ये सपाटी येते पण शेवटचा टप्पा दम काढतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चाँदमिनार आणि भारतमातेच्या मंदिरापर्यंत आणा आणि तिथे सावलीत बसवा, तेवढं सपाट आहे. सासूबाई दोन तास तिथे बसल्या आणि वसमतच्या एका आजींशी मैत्री करून, त्यांचा नंबर घेऊन उठल्या.

आता अंधेरी. किल्ल्याच्या डोंगराभोवती कातळात खोल खंदक खणलाय आणि तो ओलांडला की वर जायची वाट कातळातल्या वळणावळणाच्या बोगद्यातून जाते. शत्रू आत शिरला की अंधारात चाचपडत चुकायचा. शिरताच वटवाघळांचा वास असा काही येतो की मुलगी पहिल्याच वळणावर "मला नको" म्हणाली. त्यासाठी तो रुमाल, नाकाला बांधायचा. गाईडने मध्येच सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावली, आणि मग आपलाच हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसेना, फक्त वर कुठेतरी फडफड आणि पायाखाली बुळबुळीत पायरी. अर्ध्या मिनिटात कोणीतरी टॉर्च लावली. बाहेर आल्यावर "मला नको" म्हणणारीच "परत जाऊया" करत होती. इथे गाईड घ्या, एकट्याने गेलात तर नुसता घाणेरडा बोगदा वाटेल.

येताना-जाताना पेरू आणि सीताफळवाले बसलेले असतात, सीझन असेल तर घ्याच. आणि त्याच रस्त्यावर जुन्या वेशीच्या कमानीतून गाड्या जातात, एका वेळी एकच मोठी गाडी मावते, रविवारी तिथे जाम लागतो. अर्धा तास जास्तीचा धरा.

६) घृष्णेश्वर संध्याकाळी उरका

वेरूळच्या लेण्यांपासून जेमतेम किलोमीटरभर आहे. लोक लेणी बघून दमून दुपारी जातात आणि लांबच लांब रांगेत उभे राहतात. त्यात सोमवार म्हणजे शंकराचा वार, श्रावणात तर विचारू नका. म्हणून आम्ही रविवारी संध्याकाळीच गेलो आणि तासाभरात दर्शन झालं.

पुरुषांना गाभाऱ्यात जायला शर्ट-बनियन काढावं लागतं, हे नवऱ्याला आधी सांगितलं नव्हतं, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मोबाईल आत चालत नाही, गाडीतच ठेवून जा. आत्ताचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधलेलं, त्याआधी मालोजीराजे भोसल्यांनी जीर्णोद्धार केला होता. वेरूळ हे भोसल्यांचं गाव, मालोजीराजांची गढी आणि शहाजीराजांचं स्मारक इथेच आहे. लेण्यांच्या नादात लोक ते बघतच नाहीत, वीस मिनिटं काढा.

सासूबाईंनी बाहेर आल्यावर मुलीकडून वही मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने टिक केली. "माझं झालं, आता तुम्ही फिरा," म्हणाल्या.

७) दुसरा दिवस: वेरूळ

गेट उघडताच आत शिरा आणि सरळ १६ नंबर, म्हणजे कैलास. पहिला एक तास तुमचा. आठ-नऊनंतर बसगाड्या आल्या की मग एकही फोटो माणसांशिवाय येत नाही.

एक अडचण अशी की ही लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे समोरून ऊन दुपारी येतं. सकाळी शांतता, दुपारी उजेड. यावर माझा उपाय म्हणजे कैलास दोनदा बघा, सकाळी आणि साडेतीन-चारला, मध्ये बाकीचं. बाहेर पडू नका म्हणजे झालं.

कैलास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठवं शतक. वरून खाली कोरत आणलेलं, हे सगळ्यांना माहीत असतं पण तिथे उभं राहीपर्यंत डोक्यात शिरत नाही. किती दगड काढला याचे आकडे प्रत्येक गाईडचे वेगळे, आमचा दोन लाख टन म्हणत होता आणि शेजारच्या ग्रुपचा चार लाख. त्यात पडू नका. त्यापेक्षा मागच्या उंच कड्याजवळ जा आणि भिंतीकडे बघा, छिन्नीचे तिरपे घाव अजून दिसतात, ओळीने, वरपासून खालपर्यंत. मी बोट फिरवत होते तर मुलगी म्हणाली, "आई, इथे कोणीतरी चुकलं असेल तर?" मला उत्तर आलं नाही.

मग देवळाच्या दक्षिणेच्या बाजूला कैलास हलवणारा रावण, उत्तरेकडे महाभारताचा आणि दक्षिणेकडे रामायणाचा पट, खाली सगळा डोलारा पाठीवर घेतलेले हत्ती. काही ठिकाणी पांढरा गिलावा चिकटून राहिलाय, एकेकाळी हे सगळं रंगवलेलं होतं. शेजारच्या पायवाटेने डोंगरावर चढता आलं तर वरून पूर्ण देऊळ दिसतं, पावसाळ्यात निसरडं असतं आणि कधी बंदही ठेवतात, रखवालदाराला विचारूनच जा. सेल्फीसाठी कडेला जाणारे बघून माझ्या पोटात गोळा आला.

बाकीच्यांत माझी निवड: १० नंबर, सुताराची झोपडी म्हणतात, दगडात लाकडी वासे असावेत तसं छत कोरलंय, आत हळू आवाजात काहीतरी म्हणून बघा, घुमतं. १२ नंबर तीन ताल, तीन मजले, वरच्या मजल्यावर ओळीने बसलेले बुद्ध, आणि तिथपर्यंत फार कोणी चढत नाही. १५ नंबर दशावतार. २१ नंबर रामेश्वर, दाराशी गंगा-यमुना. २९ नंबर मोठं आहे पण लांब पडतं, वेळ असेल तरच.

जैन लेणी ३० ते ३४, बाकीच्यांपासून लांब उत्तरेला. लोक दमून सोडून देतात, चूक करतात. आत जाणारी बस मिळते, तिने जा. ३२ नंबर, इंद्रसभा, त्याच्या वरच्या मजल्यावर छताला रंग अजून आहे आणि तिथे दुपारी एक वाजता आम्ही चौघंच होतो.

८) तिसरा दिवस: अजिंठा

नऊला उघडतं. गाडी टी-पॉइंटला ठेवायची आणि तिथून चार किलोमीटर बसने जायचं, खासगी गाडी वर जात नाही. बसपर्यंत जाताना दुकानांच्या मधून जावं लागतं आणि इथे पहिला सापळा. एखादा माणूस गोड बोलून हातात चकचकीत दगड ठेवतो, "गिफ्ट आहे ताई, पैसे नको, फक्त येताना माझ्या दुकानात या." नाव आणि गाडीचा रंग लक्षात ठेवतो आणि संध्याकाळी बरोब्बर तुमच्यासमोर हजर. घ्यायचं नसेल तर दगड हातात घेऊच नका.

तिकीट खिडकीपासून सुरुवातीला चढ आणि पायऱ्या आहेत, मग वाट बऱ्यापैकी सपाट. डोलीवाले असतात, सासूबाईंना आम्ही डोली केली. भाव आधी, पूर्ण फेरीचा, कुठल्या लेण्यांपर्यंत आणि किती वेळ ते सगळं बसायच्या आधी ठरवा.

वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर सगळी लेणी ओळीने आहेत. क्रम असा ठेवा: आधी १ आणि २, गर्दी व्हायच्या आत. मग ९-१०, मग १६-१७, १९ आणि शेवटी २६.

पहिल्या लेण्यात शिरल्यावर काहीच दिसत नाही. बाहेरच्या उन्हातून आत आलेले डोळे असतात, उजेड मुद्दाम कमी ठेवलेला. बहुतेक लोक दोन मिनिटं इकडेतिकडे बघतात, "पुसलंय सगळं" म्हणतात आणि बाहेर. थांबा. एका बाजूला उभे राहा, पाच मिनिटं काही करू नका, मोबाईल बघू नका, त्याच्या उजेडाने परत शून्यापासून सुरुवात. मग हळूहळू भिंतीतून माणसं वर येतात. आतल्या दाराच्या डाव्या हाताला पद्मपाणी. मान किंचित कललेली, पापण्या खाली, हातात निळं कमळ. मी ते चित्र तीस वर्षं ओळखत होते पण भुवया इतक्या एका रेषेत ओढल्यात हे पुस्तकात कधी दिसलं नव्हतं. रखवालदारकाकांनी त्यांची बारीक टॉर्च बाजूने धरली तर गळ्यातले मोती भिंतीवर टपोरे उठून दिसायला लागले. ते म्हणाले, "समोरून बघू नका, तिरकं बघा." हा सल्ला सगळ्या चित्रांना लागू.

फ्लॅश मारायचा नाही, मोबाईलची टॉर्च पण नाही. मुलं बरोबर असतील तर याच लेण्यात त्यांना खांबावरची चार हरणं शोधायला लावा, चौघांत मिळून डोकं एकच.

१० नंबर सगळ्यात जुन्यांपैकी, इसवी सनाच्या आधीचं. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला ही लेणी दिसली, आणि पठ्ठ्याने इथल्या खांबावर नाव खरवडलं. ते आपल्या डोक्याच्या वर आहे, कारण तेव्हा आत मातीचा ढीग होता आणि तो ढिगावर उभा होता.

१६ आणि १७ मध्ये रांग लागते, आत ठराविक माणसंच सोडतात. १६ मध्ये वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. १७ मध्ये छताकडे पण बघा. इथे चित्रांवर पिवळट झाक दिसते, ती निजामाच्या काळात १९२० च्या सुमारास इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी लावलेल्या लाखेच्या वॉर्निशची, वाचवायला म्हणून लावलं आणि तेच पिवळं पडलं. २६ मध्ये महापरिनिर्वाणाचा बुद्ध, भिंतीच्या लांबीचा, उशीवर हात ठेवून झोपलेला, खाली रडणारे शिष्य. सासूबाई डोलीतून उतरून तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या.

माकडांपासून पिशवी सांभाळा आणि कड्यावर मधमाश्यांची मोठी पोळी असतात, तिथे आरडाओरडा नको.

९) परत येताना

अजिंठ्याहून दोनच्या आत निघा. सिल्लोडला ट्रॅफिक लागतं, शहरात यायला तीन तास धरा, आणि रात्रीची गाडी असेल तर मधल्या वेळात जेवण. नान खलिया जुन्या शहरात खा, हॉटेलच्या मेनूकार्डावरचं नको, आणि लवकर जा. आम्ही साडेआठला पोचलो तर नान संपले होते. नवऱ्याचा चौकोन तेवढा रिकामा राहिलाय, मुलीने त्याच्यापुढे पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "बाबा, दुपारी जायचं."